टिपकागद, बटर पेपर आणि आइस्क्रीमचा फ्रीजर

जुलैतला सोमवार. आदल्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता आणि रात्री वाऱ्याने आंब्याची मोठी फांदी आमच्या शाळेच्या जुन्या कौलारू इमारतीवर आली. कौलं फुटली ती नेमकी ग्रंथालयावरची. सकाळी कुलूप काढून शिपाईमामा तसेच फाटकापर्यंत धावत आले. "बाई, विश्वकोश भिजला. मागची दोन्ही रॅकं गेली."

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ग्रंथपाल आहे. मागच्या रॅकांवर काय आहे ते मला पाठ होतं. वर मराठी विश्वकोशाचे खंड, मग जुनी चरित्रं, 'किशोर'चे अंक, आणि खालच्या फळीवर शाळेची हस्तलिखितं. पाणी भिंतीवरून ओघळत या सगळ्यांतून खाली उतरलं होतं. दोन-अडीचशे पुस्तकं तरी असतील. काहींच्या नुसत्या कडा ओलसर, काही निथळत होती.

मामा भराभर पुस्तकं उचलून व्हरांड्यात न्यायला लागले. "मामा, पाठीला धरू नका," मी ओरडलेच. भिजलेलं पुस्तक फुगतं, शिलाई आणि डिंक दोन्ही सैल पडतात. पाठीला धरून उचललं की पुठ्ठा हातात आणि पानं जमिनीवर. नववीच्या वर्गातून परीक्षेची पॅडं मागवली. एका पॅडवर एक पुस्तक, सरकवून घ्यायचं आणि आडवंच न्यायचं. मुलांना एकदा करून दाखवलं आणि तासाभरात दोन्ही रॅकं रिकामी झाली.

कागद ओला राहिला तर साधारण अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागतो, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत तेवढ्याचाही भरवसा नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लोरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, तेव्हा जगभरातून माणसं मदतीला गेली. भिजलेली पुस्तकं कशी वाचवायची याचं आजचं शास्त्र बरंचसं त्या कामातून उभं राहिलं. पण एवढं लांब कशाला जा? आमच्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्याने २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले. २०२१ नंतरच मी सादिल खर्चातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून, थोडं थोडं सामान घेऊन एका खोक्यात भरून ठेवलं होतं. टिपकागदाचे ताव, छापखान्यातून आणलेला कोरा न्यूजप्रिंट, बेकरीत वापरतात तो बटर पेपर, नायलॉनची दोरी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, सुती नाडी, पेन्सिली. बिल मंजूर करताना कार्यालयातून विचारणा झाली होती की, टिपकागद आता कोण वापरतं? सगळं मिळून एका बऱ्या शब्दकोशाच्या किमतीतही बसलं होतं.

त्या दिवशी ते खोकं उघडलं. वीज नव्हती, त्यामुळे संगणकातली यादी बंद. स्टीलच्या कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवायची वही, तेवढी हाताशी होती. आधी काय वाचवायचं हे तिनेच सांगितलं. दाखल क्रमांक बघायचा, प्रकाशनाचं साल बघायचं. दुकानात आजही मिळतं ते पुस्तक मागे, ज्याची आवृत्ती पुन्हा निघालेली नाही ते पुढे. पुस्तकांच्या चिठ्ठ्या मुलांकडून पेन्सिलीनेच लिहून घेतल्या, कारण ओल्या कागदावर पेन्सिल पसरत नाही. आमच्या शिक्क्याची जांभळी शाई मात्र मुखपृष्ठामागच्या पानावरून पुढच्या चार-पाच पानांत उतरली होती. पुस्तकाची ओळख पटावी म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावरही आम्ही शिक्का मारतो. तिथेही तोच डाग.

कडा ओलसर झालेली पुस्तकं टेबलांवर उभी केली, पानं पंख्यासारखी थोडी उघडून. मध्ये जागोजागी टिपकागद. फार कागद कोंबायचा नाही, नाहीतर पाठ फाकते. 'किशोर'चे अंक पातळ असल्यामुळे दोरीवर टाकले. त्यांच्या पिना गंजतात, म्हणून त्या चिमट्याने सोडवून घेतल्या. पुढे दोऱ्याने दोन टाके घातले की झालं. एक पालक आपुलकीने म्हणाले, "बाई, इस्त्री फिरवा की." मी नको म्हटलं. इस्त्री, ऊन, केस वाळवायचं यंत्र, यांनी कागद आखडतो आणि ठिसूळ होतो. त्याला खेळती हवा लागते. दुपारी वीज आली तेव्हा वर्गावर्गांतले स्टँडवरचे पंखे आणून लावले, झोत थेट पानांवर येणार नाही असे.

विश्वकोशाने खरी परीक्षा घेतली. त्याचा मजकुराचा कागद साधा, तो वाळतो. पण मधली चित्रपत्रं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली. त्या कागदावर मातीचा लेप असतो, तो ओला झाला की डिंकासारखा होतो. दोन चित्रपत्रं एकमेकींवर दाबलेली राहून वाळली तर त्यांची वीट होते, मग ती कोणालाच सोडवता येत नाहीत. म्हणून ती ओली असतानाच उघडायची. मी आणि दहावीतल्या दोन मुली खाली बसलो. बाइंडर कागदाची घडी दाबायला वापरतात त्या हाडाच्या पट्टीचं टोक कोपऱ्यात सरकवायचं, पान हलकेच सुटं करायचं, मध्ये बटर पेपर घालायचा, पुढचं पान. एका पानावर फुलपाखरांची रंगीत चित्रं होती. ती सुटताना बारीक 'चर्र' असा आवाज झाला आणि तिघींनीही श्वास रोखला. सगळे रंग जागच्या जागी होते. एक खंड तास दीड तास घेत होता, आणि खंड तर बरेच.

म्हणजे सगळं त्या दिवशी होणार नव्हतं. राहिलेलं गोठवायचं, हा एकच उपाय होता. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही, पानं एकमेकांना चिकटत नाहीत, आपल्याला वेळ मिळतो. पण शाळेत कुठला एवढा फ्रीजर? आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांचं बाजारात आइस्क्रीमचं दुकान आहे. पावसाळ्यात त्यांचा मोठा डीप फ्रीजर निम्मा रिकामाच असतो, आणि दुकानाला जनरेटरही आहे. फोन केला. "बाई, पुस्तकं? फ्रीजरमध्ये?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि अर्ध्या तासात टेम्पो घेऊन हजर. प्रत्येक पुस्तक वेगळ्या पिशवीत, पाठ खाली करून खोक्यात एकाच थरात. पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी.

त्या टेम्पोत मी सगळ्यात आधी हस्तलिखितं चढवली. आमच्या शाळेत दर वर्षी मुलं हस्तलिखित काढतात. जुन्या अंकांत शाईच्या पेनाने लिहिलेल्या कविता आहेत, जलरंगातल्या नक्षीच्या चौकटी आहेत. पाणी लागलं की ही शाई चालू लागते. एका पानावर 'माझी आजी' एवढं शीर्षक उरलं होतं, खालच्या ओळींची निळी धार झाली होती. विश्वकोश आज संकेतस्थळावर वाचता येतो. हे पान जगात दुसरीकडे कुठेच नाही. माझे हात त्या दिवशी तेवढ्यापुरतेच थरथरले.

पुढे कित्येक आठवडे आम्ही दुकानातून थोडी थोडी पुस्तकं आणत गेलो. आणलेली त्याच दिवशी पानागणिक टिपकागदावर पसरायची. चोळायचं नाही, नुसता कागद वर टेकवायचा आणि बदलायचा. सुट्या झालेल्या पाठी मैद्याच्या खळीने बसवल्या. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही, हे मला गावातल्या जुन्या बाइंडरकाकांनी शिकवलं. मोरचूद विषारी आहे, म्हणून ते काम मुलांना दिलं नाही. सेलोटेप मात्र कुठेही लावू दिला नाही. तो वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो, सुटतो, आणि त्याचा चिकट डाग कागदातून निघत नाही. शाळाशाळांत पुस्तकांची जितकी हानी पाण्याने होत नाही तितकी या टेपने होते, असं माझं अनुभवाने बनलेलं मत आहे.

विश्वकोशाच्या दोन खंडांची चित्रपत्रं आम्ही पोचायच्या आतच चिकटली होती. नोंदवहीत त्यांच्यापुढे शेरा लिहिला आणि निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवला. रॅकं भिंतीपासून हातभर पुढे ओढली. यंदाच्या मागणीपत्रात बारकोड स्कॅनर आहे, पण त्याच्या वर टिपकागद, बटर पेपर आणि कौलांखाली घालायची ताडपत्री आहे. मुख्याध्यापक सरांनी एक शब्द न विचारता सही केली. हस्तलिखितं आता स्टीलच्या कपाटात मधल्या कप्प्यात आहेत. चित्रकलेचे सर आणि दहावीची मुलं दर शनिवारी त्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवताहेत, आणि ज्या ओळी पुसट झाल्यात त्या वाचून दाखवायला जुन्या विद्यार्थ्यांना बोलावतोय.