लाइनीवरचा बॉल

पाच वर्षं मी प्रोफेशनल टेनिस खेळलो. म्हणजे दहा हजार डॉलर बक्षिसाच्या, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या फ्युचर्स स्पर्धा, स्लीपरचा प्रवास आणि दर आठवड्याला क्वालिफाइंग, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीच्या फेऱ्या. तेव्हा फ्युचर्सच्या मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य स्पर्धेची, पहिली फेरी जिंकली की एटीपीचा, म्हणजे जागतिक क्रमवारीचा, एक पॉइंट मिळायचा. माझ्या नावावर तेवढा एकच लागला, आणि 52 आठवड्यांनी तोही उतरला. आता सोलापुरात कॉलेजच्या पोरांना शिकवतो.

गेल्या आठवड्यात आमची आंतरमहाविद्यालयीन फायनल होती. ऑक्टोबरचं ऊन, दुपारी दोनची वेळ, बुटाच्या तळव्यातून चटका बसत होता. निर्णायक मॅच आमच्या पूर्व भागातल्या पोराची. वडील यंत्रमागावर, तो पहाटे सहाला प्रॅक्टिस करून मग कॉलेजला येतो.

अंपायर नव्हता. अशा वेळी आपापल्या बाजूच्या लाइनी खेळाडूनेच द्यायच्या, आणि शंका असेल तर बॉल आत धरायचा, असा नियमच आहे.

तिसऱ्या सेटचा टायब्रेक, 6-6. आता जो दोन पॉइंटनी पुढे जाईल, मॅच त्याची. समोरच्याने फोरहँड खोल मारला, आमचा पोहोचलाच नाही. बोट वर करून ओरडला, "आउट!" बाकावरची पोरं उभी राहिली. मॅच पॉइंट आमचा!

मी बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या लाइनीच्या, सरळ रेषेत बसलो होतो. बेसलाइन बाकीच्या लाइनींपेक्षा रुंद असू शकते, 10 सेंटीमीटरपर्यंत. तिच्या मागच्या कडेला, पांढऱ्या रंगावरच्या धुळीत बॉलचा ठसा स्पष्ट उमटला होता. मला तो दिसला, आणि मी गप्प बसलो.

पोरगा सर्व्हिससाठी निघाला. दोनदा बॉल आपटला, थांबला, मागे वळून लाइनीवर वाकला. मग रॅकेट काखेत मारून सरळ नेटपाशी गेला. "सॉरी बे, आत होता. पॉइंट तुझा."

6-7. पुढची सर्व्हिस आमच्या पोराची, आणि डबल फॉल्ट, दोन्ही सर्व्हिस चुकल्या. फायनल गेली.

संध्याकाळी पार्क चौकात चहा घेताना मी त्याला सांगितलं, जे घरीही कधी सांगितलं नव्हतं. त्या फ्युचर्सच्या क्वालिफाइंगची शेवटची फेरी. असाच लाइनीवरचा बॉल. मला आत दिसला होता, तरी मी आउट दिला. समोरचा मुलगा भांडला नाही, नुसता त्या जागेकडे बघत राहिला. ती मॅच जिंकलो म्हणून मेन ड्रॉ मिळाला, आणि त्यातूनच तो पॉइंट.

तो हातातला ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, "सर, त्यांना नंतर कधी फोन केला नाही?"

"नाही."

तो त्यावर काही बोलला नाही. निघताना किट खांद्याला लावत एवढंच म्हणाला, "उद्या सहाला येतो सर. सेकंड सर्व्हिसचं बघू."

तेव्हाच्या त्या समोरच्या मुलाचं नाव मला अजून पाठ आहे. रात्रीच एका जुन्या जोडीदाराला मेसेज टाकला. आज दुपारी त्या मुलाचा नंबर आलाय. पोरांची प्रॅक्टिस आटपली की लावतो.