उतारासाठी घेतली, कामाला आली चढावर

आठ वर्षं एकच हार्डटेल माउंटन बाइक चालवली. २९ इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा सस्पेन्शनचा फोर्क, मागे काही नाही, म्हणजे मागचं सस्पेन्शन आपले गुडघे आणि कंबर. शेवटी कंबरच बोलायला लागली. रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दोन तास काढले की सोमवारी ऑफिसच्या खुर्चीतून उठताना टेबलाला हात टेकवायला लागायचा, टीममधला एक पंचविशीतला पोरगा एकदा म्हणाला "सर सावकाश", आणि त्याच दिवशी मी फुल-सस, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल शोधायला लागलो.

मोठी नकोच होती. १५०-१६० मिमी सस्पेन्शनवाल्या सायकली उतारावर भारी असतात पण इथे सायकल वर नेणारी लिफ्ट नाहीये, जेवढं उतरायचंय तेवढं आधी पायडल मारत चढायचं, आणि आपल्या टेकड्यांवर उतार सुरू होतो न होतो तोवर संपतोच. म्हणून शॉर्ट ट्रॅव्हल, म्हणजे कमी दबणारी, पुढे १२० मिमी मागे ११०. सेकंडहँड मिळाली, १ लाख ८५ हजार. हा आकडा घरी सांगायच्या आधी दोन आठवडे वातावरणनिर्मिती चालू होती. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीत कुल्हावी फुल-ससवर गोल्ड जिंकला, हार्डटेलवरच्या निनो शुर्टरला सिल्व्हरवर भागवावं लागलं, मग २०१६ ला रिओत शुर्टर स्वतःच फुल-सस घेऊन आला आणि गोल्ड घेऊन गेला, हे सगळं मी जेवताना रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, "तू चाललायस का ऑलिंपिकला?" बाबांनी फक्त हिशोब केला की एवढ्यात दोन स्प्लेंडर आल्या असत्या. आल्या असत्या, खरंय.

पहिली रात्र शॉक पंपात गेली, म्हणजे मागच्या सस्पेन्शनमध्ये (शॉकमध्ये) हवा भरायच्या पंपात. सॅग म्हणजे आपण नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं ते. हार्डटेलला फक्त फोर्कचा बघायचा आणि तोही मी आठ वर्षांत दोनदा बघितला असेन, इथे मात्र चुकून चालत नाही. माझ्या शॉकचा स्ट्रोक जेमतेम ४० मिमी, त्यातून लिंकेज, म्हणजे शॉक आणि चाकामधली जोडणी, चाकाला ११० मिमी हलू देतं, म्हणजे शॉक १ मिमी दबला की चाक साधारण पावणेतीन मिमी वर जातं, त्यामुळे शॉकवर दोन मिमीचा फरक म्हणजे सायकलीचा स्वभावच बदलतो. पाव भाग सॅग ठेवायचा होता, म्हणजे १० मिमी. रबरी रिंग सरकवा, भिंतीला धरून बसा, अलगद उतरा, मोजा, हवा भरा, परत बसा. यात एक गाढवपणा केला. दर वेळी पंप लावला की गेज आधीपेक्षा कमी दाखवायचं, मला वाटलं शॉक गळतोय, फसलो, आणि रात्री साडेअकराला विकणाऱ्याला मेसेज टाकला. तो बिचारा म्हणाला अहो पंप लावल्यावर शॉकमधली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते, म्हणून कमी दिसतं, झोपा आता. ७८ किलो वजनाला १६० पीएसआयवर गाडी जमली शेवटी.

आता चढाचं सांगतो, कारण हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूच्या डांबरी रस्त्याने वर जाताना काही विशेष नाही, दीड किलो जास्तीचं ओझं आणि लॉकआउट चालू, म्हणजे सस्पेन्शन बंद. पण खाणीजवळ एक छोटासा चढ आहे, चाळीसेक मीटरचा, खाली मुरूम, वर सुटी खडी आणि मध्ये कातळाच्या दोन पायऱ्या. हार्डटेलवर तिथे बसून राहिलो तर प्रत्येक दगड ढुंगणावर लाथ मारायचा आणि चाक उडायचं, उभा राहिलो तर मागचं वजन जाऊन चाक जागेवर फिरायचं, दोन्हीकडून मरण. दहात तीनदा जमायचं. फुल-ससवर पहिल्याच दिवशी खालच्या गिअरमध्ये नुसता बसून राहिलो, जात्यावर दळण दळल्यासारखे पाय फिरवत, आणि मागचं चाक दगडावर चढतंय उतरतंय पण जमीन सोडत नाहीये. वर पोचलो तेव्हा विश्वास बसेना म्हणून खाली जाऊन परत चढलो. आराम वगैरे नंतरची गोष्ट, खरा फायदा ग्रिपचा आहे. चाक जमिनीवर टिकलं तरच तुमची ताकद जमिनीत जाते.

दोन पायऱ्यांवर पायडल आपटलं तेवढं मात्र झालं. दोन्हीकडून सॅग असल्यामुळे अख्खी सायकलच खाली बसते, बीबी, म्हणजे पायडलचे दांडे जिथे फिरतात तो मधला भाग, खाली येते, त्यामुळे पायडल कधी मारायचं आणि कधी अर्ध्यावर थांबवायचं हे नव्याने शिकायला लागलं.

उताराला मजा आहे, नाही कशाला म्हणू. पण ही सायकल जरा खोटा धीर देते. हार्डटेल आधीच ओरडून सांगायची की बाबा जास्त होतंय, ही काही बोलत नाही, जा जा म्हणते, आणि मग ११० मिमी एकदम संपतात, ठक्क आवाज येतो आणि तोवर तुम्ही झेपेल त्यापेक्षा जोरात असता. एकदा कोपर सोलून घेतलंय. आणि सपाट गुळगुळीत वाटेवर तर सरळ कंटाळा येतो, तिथे हार्डटेलचा तो पायडल मारला की सुटायचा टणक वेग आठवतो.

मेंटेनन्सबद्दल रडगाणं गात नाही, फक्त कुरकुरीचं सांगतो. तीन रविवार कर्रकर्र आवाज, सगळे पिव्हट, म्हणजे फ्रेमचे हलणारे सांधे, उघडले, बेअरिंग पुसली, ग्रीस लावलं, टॉर्क रेंच विकत आणला, आवाज तसाच. निघाला सीटपोस्टमधून, आत मुरमाची धूळ बसली होती. शॉकला कंपनीने ५० तासांनी एअर कॅन, म्हणजे हवेची नळकांडी, उघडून साफ करायला सांगितलंय, मी तास लिहायला वही केलीये, बायकोने ती बघितली आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

हार्डटेल विकली नाही, भाच्याला दिली, सोळा वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा त्याला उतारावर घेऊन गेलो. तो वरच्या कडेला थांबला आणि म्हणाला, "मामा, त्या मोठ्या दगडाच्या डावीकडून जायचं की उजवीकडून?" मी बघतच राहिलो. आठ वर्षं त्या वाटेचा दगड न् दगड पाठ होता, आणि गेले सहा महिने मी तिथून सरळ वरूनच जातोय, त्यामुळे डावीकडे काय आहे तेच आठवेना. "डावीकडून," दिलं ठोकून. तो थोडा वेळ बघत बसला, मग उजवीकडून गेला आणि नीट उतरला.