हेल्मांतिकोच्या दारात तासभर

स्पेनच्या टूरमध्ये सालामांका हे टूर मॅनेजरला आराम देणारं गाव. प्लाझा मायोर, विद्यापीठाच्या भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक, कॅथीड्रलच्या दारावर १९९२ साली कोरलेला अंतराळवीर, एवढं दाखवलं की ग्रुप खूश. फुटबॉल माझ्या बोलण्यात कधी यायचाच नाही.

त्या दिवशी आम्ही सांतियागोहून येत होतो. सामोराच्या रस्त्याने गाव जवळ आलं आणि हॉटेलचा फोन आला की खोल्या तयार नाहीत, तासभर लागेल. मागे चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी साठीपुढची. ड्रायव्हर सालामांकाचाच. काही न विचारता त्याने कोच एका भल्यामोठ्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये घातला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात टाकून बसून राहिला. मंडळी पाय मोकळे करायला उतरली, हा मात्र जागचा हलेना.

आमच्यात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले एक काका होते. तोवर कॅथीड्रल बघून जांभया देणारे काका स्टेडियम दिसताच ताठ झाले. "मॅडम, इचारा की त्येला, कुठली टीम ही?"

मी विचारलं. ड्रायव्हरने सन व्हायझरमागून प्लॅस्टिकचं एक कार्ड काढून काकांच्या हातात दिलं. उनिऑन देपोर्तिवा सालामांका, सीझन २०१२-१३, सभासद. छपाई उन्हाने पिवळी पडलेली, एक कोपरा चिकटपट्टीने सांधलेला. "हे शेवटचं," तो म्हणाला. "त्या जूनमध्ये क्लब मेला."

मग तो जे बोलत सुटला! मी दारातल्या फोल्डिंग सीटवर बसून जमेल तसं मराठी करत होते. हळूहळू अर्धा ग्रुप परत येऊन कोचच्या पायऱ्यांशी गोळा झाला.

१९२३ साली प्लाझा मायोरमधल्या नोव्हेल्टी कॅफेत हा क्लब स्थापन झाला. गावात फुटबॉल आणला तो इथल्या आयरिश कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी, असं तिथे सांगतात. हेल्मांतिको हे स्टेडियम १९७० चं, सतरा हजारांवर प्रेक्षकांचं. अव्वल लीगमध्ये क्लब एकूण बारा सीझन खेळला. त्यातला ड्रायव्हरचा लाडका सीझन १९९७-९८. त्या वर्षी त्यांनी व्हॅलेन्सियाला ६-० हरवलं, बार्सिलोनाला घरी ४-३ आणि नंतर थेट त्यांच्या मैदानावर, कॅम्प नोऊवर जाऊन ४-१. पोर्तुगालचा स्ट्रायकर पाउलेता तेव्हा यांच्याकडे होता. हे आकडे सांगताना ड्रायव्हर बोटं नाचवत होता आणि काकांना माझ्या भाषांतराची गरजच पडत नव्हती.

१९९९ ला क्लब अव्वल लीगमधून खाली आला तो परत वर गेला नाही. २०११ मध्ये तर तिसऱ्या पायरीवर घसरला. तिकडे टीव्हीचा पैसा नाही, कर्ज मात्र पहिल्या लीगच्या थाटाचं, दोन कोटी युरोंच्या वर. धनकोंशी तडजोड जमली नाही आणि प्रकरण कोर्टामार्फत दिवाळखोरीत निघालं.

"पण क्लब बंद कसा पडंल ओ?" काकांना पटेना. "आमच्यात खंडोबा, पाटाकडील, शिवाजी... तालमीच्या टीमा. पैसा संपला तर पेठ वर्गणी काढंल. मालक कोण हुता त्येचा?"

दुखणं नेमकं तिथेच होतं. १९९० च्या क्रीडा कायद्याने स्पेनमधल्या व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हायला लावलं. रिअल माद्रिद, बार्सिलोना, बिलबाओचा अॅथलेटिक आणि ओसासुना हे चारच सुटले. बाकीच्यांचे शेअर निघाले. सभासद गॅलरीत ओरडायला उरले, कागदावर क्लब भागधारकांचा. आणि कंपनी म्हटली की ती मोडून तिचं भांडंकुंडं विकता येतं.

काकांनी हे ऐकून डोक्याला हात लावला. "पेठेतल्या पोरांना सांगाया पायजे, कुणी कंपनी काढू म्हटलं तर चपलेनं हाणा."

पुढची गोष्ट म्हणजे अस्सल भाऊबंदकी. हेल्मांतिको एका मेक्सिकन उद्योजकाकडे गेलं आणि तिथे जुन्या क्लबचा वारसा सांगणारी नवी टीम उभी राहिली. दुसरीकडे २०१३ मध्येच चाहत्यांनी आपला वेगळा क्लब काढला, उनिओनिस्तास. एक सभासद, एक मत. सुरुवात थेट जिल्हा लीगच्या तळापासून, २०१८ पर्यंत तिसऱ्या पायरीवर. आपला ड्रायव्हर यांचा, म्हणून हेल्मांतिकोच्या दारात कोच लावेल, पण खाली पाय ठेवणार नाही! मला हसू येत होतं, काकांना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही.

शेवटी तो उतरला तो आम्हाला शेजारची धावपट्टी दाखवायला. लास पिस्तास, साधं अॅथलेटिक्सचं मैदान. २२ जानेवारी २०२० ला कोपा देल रेच्या, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय कप स्पर्धेच्या सामन्यात रिअल माद्रिद इथे आलं होतं. हेल्मांतिको शेजारीच, पण उनिओनिस्तासने सामना खेळवला आपल्याच मैदानात, जादा स्टँड उभारून. १-३ हरले. पण मध्ये एकदा १-१ होतं, आणि तो बरोबरीचा गोल कुठून कसा मारला हे ड्रायव्हरने जाळीच्या कुंपणाबाहेरून हातवाऱ्यांनी दाखवलं. ग्रुपमधल्या काकवाही टाळ्या वाजवत होत्या. रिअल माद्रिदकडून त्या दिवशी खेळलेला बेल हा किती मोठा खेळाडू हे त्यांना माहीत नसणार, पण बरोबरी कळते.

"घरात सगळे ह्येच्याच बाजूला?" काकांनी विचारलं.

नाही. धाकटा भाऊ हेल्मांतिकोत जातो. वडील त्याला लहानपणी ज्या खुर्चीशेजारी बसवत ती जागा सोडवत नाही म्हणे. नाताळच्या जेवणाला फुटबॉलचा विषय काढायचा नाही, हा आईचा हुकूम.

"आन् वडील असते तर कुणाकडं गेले असते?"

मी भाषांतर केलं. ड्रायव्हरने क्षणभरही विचार केला नाही. "दोघांनाही शिव्या घातल्या असत्या आणि आपलं जुनं कार्ड दाखवून दोन्हीकडे फुकट आत जायला बघितलं असतं."

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तेवढ्यात हॉटेलचा फोन आला. मी हेडकाउंट घेतला तर एक जण कमी. पाहिलं तर काका ड्रायव्हरच्या शेजारी, माझ्या सीटवर बसले होते.