धाकटीने धीर दिला

रात्री पुन्हा घामाने जाग आली. गाऊन पाठीला चिकटलेला, छातीत धडधड. पंखा पाचवर केला तर ह्यांनी झोपेतच चादर डोक्यावरून ओढली. मला रडूच फुटलं. कशाचं, ते विचारू नये. विचारतंय तरी कोण म्हणा!

बाहेरच्या खोलीत धाकटी जाऊ पोरीला घेऊन निजली होती. ती उठून आली, तांब्या दिला, पदराने माझी मान पुसली. "आक्का, घाबरू नका. मला बी असंच व्हायचं. जातंय."

मी ४८ची. ती ३६ची. आणि धीर ती देतेय.

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. २९व्या वर्षी गर्भपिशवी काढली तिची. अंगावरून जायचं, डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची होती, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. 'दोन लेकरं झाली, आता पिशवी कशाला?' हे बोलणारे आपल्याच घरचे. सासूबाई तर... जाऊ दे.

२०१९च्या सरकारी पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली होती. पेपर वाचून मी घडी घालून ठेवला होता.

चहा घेताना विचारलं, नुसती पिशवी काढली की अंडाशयंही? "काय की. कागद पालात भिजले." अंडाशयं ठेवली असतील तर पाळी बंद झाली तरी हार्मोन्स बनत राहतात. तीही काढली असतील, तर मला आत्ता कुठे जे सुरू झालंय ते तिला एका दिवसात झालं. हाडं तेव्हापासून झिजत असणार. आणि ही उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते!

माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं वेळेवर चाललंय. आपल्याकडे सरासरी ४६-४७ला पाळी जाते. वेळेवर. बरं.

तपासणीला चल म्हटलं, तर "पट्टा पडल्यावर बघू." म्हणजे हंगाम संपल्यावर. माझी कॅल्शियमची गोळी तिने हुंगली, दाताने तोडली. "खडू हाय की ह्यो! पोरीच्या दप्तरात हायेत." दोघी इतक्या हसलो की पोरगी उठली.

निम्म्या गोळ्या तिच्या बटव्यात भरल्या. चिठ्ठीवर खाली 'रोज अर्धा तास चालणे' असंही लिहिलंय. ते काही मी तिला वाचून दाखवलं नाही.