लंडन पायी जोडायचं तर कालव्यापासून सुरुवात करा

लंडनला नव्याने आलेला माणूस सुरुवातीचे काही महिने बहुतेक जमिनीखालीच काढतो. शहर म्हणजे त्याच्या लेखी ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची स्टेशनं. हॅरी बेकने घडवलेला, १९३३ मध्ये छापलेला तो रंगीत नकाशा गाडी कुठे बदलायची ते झकास सांगतो; अंतराच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नये. बेजवॉटर आणि क्वीन्सवे ही स्टेशनं वेगवेगळ्या लाइनींवर आहेत, म्हणून नवखा माणूस नॉटिंग हिल गेटला गाडी बदलून एकीकडून दुसरीकडे जातो. प्रत्यक्षात दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, चालत दोन-तीन मिनिटांवर.

हे तुकडे डोक्यात जोडायला आमच्या मते सगळ्यात चांगली वाट रीजंट्स कनालची. पॅडिंग्टनपासून लाइमहाउसपर्यंत सुमारे पावणेचौदा किलोमीटरचा हा कालवा १८२० मध्ये पूर्ण झाला. मालाच्या बोटी घोडे दोराने ओढायचे आणि घोड्यांची ती वाट, म्हणजे टोपाथ, आज चालणाऱ्यांना मोकळी आहे. सगळी एका दमात करायची गरज नाही. कॅम्डनपर्यंतचे चारेक किलोमीटर आधी करा.

बेकरलू लाइनच्या वॉरविक अॅव्हेन्यू स्टेशनला उतरून दक्षिणेकडे चाला आणि कालव्यावरचा पूल ओलांडा. डाव्या हाताला हाउली प्लेस लागेल. तिथल्या १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते इंग्लंडला आले, तेव्हा १९१८-१९ मध्ये इथे राहत होते. घर खासगी आहे. फुटपाथवरूनच बघावं, बेल वाजवू नये.

बरेच जण चुकतात ते यानंतर. कालवा समोर दिसतो, पण एजवेअर रोडपर्यंतचा काठ तिथे बांधून ठेवलेल्या बोटींच्या मालकांसाठी राखीव आहे, फाटकं बंद असतात. पुढे कालवा बोगद्यात शिरतो आणि बोगद्यात टोपाथच नाही. खलाशी बोटीवर पाठीवर पडून भिंतींना पाय रेटत बोट पलीकडे न्यायचे, घोडा तेवढा वरच्या रस्त्याने चालवत न्यायचे. आपणही घोड्याच्याच मार्गाने जायचं: कालव्यालगतच्या मेडा अॅव्हेन्यूने एजवेअर रोडपर्यंत, रस्ता ओलांडून अॅबर्डीन प्लेस आणि तिच्या टोकाला खाली उतरणाऱ्या पायऱ्या. फोनमधला नकाशा इथे हमखास गोंधळतो.

रीजंट्स पार्कच्या उत्तर कडेला मॅकल्सफील्ड पूल येतो. बहुतेक लोक त्याच्याखालून न थांबता निघून जातात. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे बंदुकीची दारू आणि पेट्रोलियम घेऊन चाललेली टिलबरी नावाची बोट बरोबर या पुलाखाली उडाली. बोटीवरचे तिघे गेले, पूल कोसळला. ओतीव लोखंडाचे खांब मात्र शाबूत राहिले, तेच नव्या पुलाला लावले. आता खांबाजवळ जा आणि कडांवरून हाताचं बोट फिरवा. ते आत जाईल एवढ्या खोल खाचा लागतील. ओल्या दोराला माती-वाळू चिकटली की तो कानशीसारखा लोखंड खातो, त्याच्या या खुणा. गंमत अशी की खाचा दोन्ही बाजूंना आहेत. पूल पुन्हा उभारताना खांब फिरवून लावले, त्यामुळे झिजलेली बाजू आत गेली आणि कोरी बाजू पाण्याकडे आली. मग दोरांनी तीही कापली.

पुढे वाट प्राणिसंग्रहालयाच्या मधून जाते. थोडेफार प्राणी फुकटात दिसतात.

टोपाथला कठडा नाही, हे मुलं बरोबर असतील तर आधीच ध्यानात घ्या. पुलांखाली वाट जेमतेम दोन माणसांची होते आणि समोरून सायकल येते. पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, तरी घंटी ऐकली की एका रांगेत यावं. शरद ऋतूत ओल्या पानांवर पाय सरकतो, तळाला पकड असलेले बूट घाला. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो आणि बऱ्याच भागात दिवे नाहीत, म्हणून साडेतीनपर्यंत वर रस्त्याला लागलेलं बरं.

प्राणिसंग्रहालय ओलांडल्यावर वर चढून प्रिमरोझ हिलला जा. टेकडी कसली, साठ-पासष्ट मीटरची उंची, पण अख्खं मध्य लंडन समोर पसरतं. उतरून चॉक फार्मच्या बाजूला १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेऊन स्मारक केलं. उघडण्याच्या वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या.

वाटेत खांबांवर नकाशे दिसतील. त्यांत वरची बाजू उत्तर नसते, तुमचं तोंड ज्या दिशेला आहे ती दिशा वर असते. सवयीने उत्तर धरून निघालात तर उलटे जाल. त्यावरची वर्तुळं म्हणजे पाच आणि पंधरा मिनिटांच्या चालीचा आवाका.

पाय बोलायला लागले तर बस घ्या. पहिल्या बसपासून तासाभरात चढलात तर पुढच्या बसचं भाडं लागत नाही. फक्त दर वेळी तेच कार्ड किंवा तोच फोन टेकवा. एकदा फोन आणि एकदा कार्ड लावलंत, अगदी खातं एकच असलं तरी, यंत्राच्या हिशेबी तुम्ही दोन वेगळे प्रवासी आणि भाडं दोनदा कापलं जातं.