सिव्हिलसमोरचा एसटीडी बूथ

१९८७ साली दहावी झालो आणि सोलापुरात मिळेल ते काम करत गेलो. चादरीच्या कारखान्यात कांड्या भरल्या, छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवली, एसटीडी बूथ, म्हणजे बाहेरगावी फोन लावायचं दुकान सांभाळलं, टायपिंगची परीक्षा देऊन डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला बसलो, आणि आता सेवा केंद्रात सातबारा, दाखले, आधार-पॅनची कामं करतो. मुलीला कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा असतो तेव्हा ती दरवेळी माझ्याकडे बघते. माझ्या लेखी मी आयुष्यभर एकच काम केलं. लोकांची नावं उतरवून घेतली आणि ती जिथं जायला हवीत तिथं पोचवली.

कारखान्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. यंत्रमागांचा आवाज कानात घेऊनच झोपायचो, एवढं आठवतं. छापखान्यात मात्र मी खरा शिकलो. मराठीचा कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, व्हायचं तर नुसती मुळाक्षरं पाठ असून भागत नाही. जोडाक्षरं, रफार, रुकार, प्रत्येकाचा खण वेगळा, आणि बोट न बघता त्या खणात गेलं पाहिजे. अक्षरं उलटी वाचायची सवयही लागते. आमचं बहुतेक काम लग्नपत्रिकांचं. मालक सांगायचे, मजकुरात वेलांटी चुकली तर लोक एकदा माफ करतील, व्याह्यांच्या नावात चुकली तर मांडवात रुसवा होईल. म्हणून प्रूफ आलं की आधी नावं तपासायची. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका. एकाच गावात एकाच नावाची चार माणसं असतात, हे मला तिथं कळलं.

नंतर सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या एसटीडी बूथवर लागलो. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, त्यामुळे खरी गर्दी तेव्हाच. पेशंटचे नातेवाईक हातात नंबराची चिठ्ठी घेऊन काचेबाहेर थांबायचे. मुंबई ०२२, पुणे ०२१२, हे कोड लोक देवाच्या नावासारखे घोकत यायचे.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची रात्र, उशिरापर्यंत फोन चालू. मी बूथमध्येच आडवा झालो होतो. पहाटे चारच्या सुमारास काचा थडथडल्या. बाहेर आलो तर सगळा रस्ता बाहेर. भूकंप झाला एवढं कळलं, पण नक्की कुठं काय झालंय ते उजाडेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मग किल्लारीचं नाव आलं, सास्तूरचं आलं, आणि ट्रक, टेम्पो, जिपा सिव्हिलच्या फाटकातून आत जायला लागल्या. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेली. त्या भागातली घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडावर हातभर मातीचा थर. रात्री झोपलेल्या माणसांवर तेच कोसळलं होतं.

बूथपुढं रांग लागली, पण लाईन लागेना. ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’ हे वाक्य मी त्या दिवशी किती ऐकलं असेल! कित्येकांकडं तर नंबरच नव्हता. भाऊ मुंबईला आहे, मिलमध्ये आहे, लालबागला राहतो, एवढंच. चिठ्ठी ठेवलेली पेटी ढिगाऱ्याखाली गेली होती. उलट बाहेरूनही फोन यायला लागले. आमचा नंबर कुणीतरी कुणाला दिला होता आणि मुंबई-पुण्याची माणसं विचारत होती, होळीचं कुणी आलंय का, राजेगावचं कुणी आहे का, पेठसांगवीची आमची म्हातारी दिसली का.

मी हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं नावं लिहायला सुरुवात केली. गाववार पानं केली. वॉर्डातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो: तुमचं पेशंट कोण, वडिलांचं नाव काय, कुठल्या वॉर्डात? बूथचे मालक स्वतः येऊन फोनवर बसले आणि मला म्हणाले, तू फिर, मी लावतो. त्या दिवशी त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. मीटर छापत होता, ते पावती फाडून बाजूला ठेवत होते.

दुपारी मुंबईहून एकाचा फोन आला. त्यानं गाव आणि नाव सांगितलं. वहीत नाव होतं. मालक ‘आहे, आहे’ म्हणणार तेवढ्यात मी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि वडिलांचं नाव विचारलं. ते जुळेना. त्याला म्हणालो, दादा, अर्ध्या तासानं परत लावा, मी बघून येतो. वॉर्डात जाऊन खाटेशी उभं राहून विचारलं. तो त्याच गावचा, त्याच नावाचा, पण दुसऱ्या घरातला होता. त्यालाच विचारलं तर म्हणाला, त्यांच्या घरातलं कुणी निघालं नाही.

फोन परत आला. ते सांगणं माझ्याकडं आलं. मी सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता, मग तो म्हणाला, भाऊ, तुम्ही बघून आलात ना? मी म्हणालो, हो, स्वतः बघून आलो. ‘आहे’ म्हणून सांगितलं असतं तर तो माणूस रात्रीची गाडी धरून कुणाच्या खाटेशी येऊन उभा राहिला असता, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

पुढं डीटीपीला असताना पुनर्वसनाच्या याद्यांचं थोडं टायपिंग आमच्याकडं आलं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, त्यातल्या काही गावांच्या लाभार्थ्यांची नावं. श्री-लिपी या मराठी सॉफ्टवेअरवर टाईप करताना वहीतली काही नावं मला त्यात पुन्हा भेटली. वारस म्हणून पुतण्याचं नाव असलं की हात थांबायचा, मग पुढची ओळ.

आता सेवा केंद्रात दोन पोरं कामाला आहेत, कीबोर्डवर माझ्यापेक्षा चलाख. त्यांना माझा एकच नियम आहे. फॉर्म सबमिट करण्याआधी समोरच्याला त्याचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तो ‘हो’ म्हणाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. रांग वाढते, लोक कुरकुर करतात. आज सकाळीच एक आजी वैतागून म्हणाल्या, अरे कार्डावर लिहिलंय की सगळं! मग पोरानं वाचलं, आणि त्यांनीच चष्मा वर करून सांगितलं, सासऱ्याचं नाव घातलंय रे बाळा, नवऱ्याचं घाल.