चाळीस अंशांची बादली

आंघोळीला पाणी किती गरम हवं, असं विचारलं की लोक ठसक्यात ‘कडकडीत’ म्हणतात. प्रत्यक्षात विसण घालून झाल्यावर बादलीत थर्मामीटर बुडवून पाहावा. पारा चाळिसाच्या आसपासच रेंगाळतो, म्हणजे आपल्या अंगापेक्षा जेमतेम तीन अंश वर. डिसेंबरात पुण्यातल्या नळाचं पाणी वीस अंशांचं धरलं, तर वीस लिटरच्या बादलीला आणखी वीसच अंश चढवायचे असतात. ४०० किलोकॅलरी. विजेच्या बिलावर हे अर्धं युनिटही भरत नाही. त्यासाठी कुठला तरी डोंगर पोखरून कोळसा काढायचा, त्यावर वाफ करायची, तिची वीज करून शेकडो मैल तारांवरून आणायची आणि शेवटी पाणी कोमट करायचं, हा उद्योग मला फार दिवसांपासून थोडा हास्यास्पद वाटतो.

ऊन तर गच्चीवर पडलेलंच असतं. निरभ्र दुपारी, उन्हाकडे तोंड करून ठेवलेल्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट उष्णता येते. निम्मी वाया गेली तरी तासाभरात आपली बादली तयार. सोलर कंपनीच्या माणसाला न बोलावताही हे जमतं. पत्र्याचं जुनं पिंप, बाहेरून फळ्याचा काळा रंग, भोवती खोकं, खोक्याला आतून भुसा नाहीतर भाताचं तूस आणि वर खिडकीची काच. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर यातलं बहुतेक सगळं मिळतं. घासाघीस करायची ताकद मात्र हवी. काच ऊन आत घेते आणि उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही, एवढंच यातलं शास्त्र. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानं १७६७ मध्ये काचेची झाकणं लावलेली अशी पेटी करून पाहिली होती. १८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून त्याचं पेटंट घेतलं आणि बंब म्हणून विकायलाही काढलं.

पण केम्पच्या गिऱ्हाइकांनाही तीच अडचण आली जी आपल्याला येते. पाणी तापतं दुपारी आणि आंघोळ करायची सकाळी. रात्रभरात सगळी कमाई आकाशाला परत. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली नावाच्या माणसानं ऊन खाणाऱ्या नळ्या आणि पाणी साठवणारी टाकी वेगवेगळी केली. टाकी वर ठेवली आणि तिला चांगलं गुंडाळलं. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार खाली येतं. पंप नको, वीज नको. त्यानं यंत्राला नावही ‘डे अँड नाइट’ असंच दिलं. आज पुण्यातल्या इमारतींच्या डोक्यावर दिसणाऱ्या सोलरची खरी किंमत, माझ्या मते, ऊन पकडण्याची नसून ते सकाळी सहापर्यंत राखण्याची असते. (आणि तरीही तळमजल्यावरच्यांना गार पाण्याच्या दोन बादल्या सोडून दिल्याशिवाय ते मिळत नाही. सोसायटीच्या सभेत या दोन बादल्यांवर जेवढं बोललं जातं, तेवढं लिफ्टवरही नाही.)

उन्हाची वाट न पाहणारा एकच, तो म्हणजे बंब. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकून ठोकून घडवलेला तांब्याचा बंब म्हणजे फार हुशारीची वस्तू आहे. चुलीवरच्या पातेल्याला जाळ फक्त खालून लागतो, बाजूची निम्मी आच घर तापवते. बंबात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी. जाळाला पळून जायला वाट एकच, वरचं धुराडं, आणि तिकडे जाता जाताही तो पाण्याला घासूनच जातो. म्हणून त्याला मोठी लाकडं लागतच नाहीत. वखारीतून बंबफोड, म्हणजे बारीक फोडलेलं लाकूड आणायचं, नाहीतर करवंट्या, शेंगांची टरफलं, सुताराकडचे ढलपे. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असतात. कागदावरचा हिशेब केला तर एका बादलीला शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरावं. तेवढ्यात होत नाही, पण मूठभर करवंट्यांनी बंब कसा कढतो याचं आश्चर्यही उरत नाही. पथ्यं दोनच: पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांध्यांचा डाख सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तर मुळीच पेटवायचा नाही. धूर निदान दिसतो. त्याच्यासोबतचा विषारी वायू दिसत नाही, वासही देत नाही, आणि माणूस मारतो. फ्लॅटमध्ये बंब आणून हौस भागवणाऱ्यांनी तो गच्चीत उघड्यावरच ठेवावा.

ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं प्लास्टिकच्या दोन टाक्या एकीत एक उलटी घालून स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं घरगुती गोबरगॅस-यंत्र केलं, शेणाशिवायचं. त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. पण तो गॅस चहाला आणि पोळ्यांना वापरावा. इतकं चांगलं इंधन बादली कोमट करण्यात घालवणं मला पटत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय मी भोरकडे एका मित्राच्या शेतावर पाहिला. ठिबक सिंचनाची सोळा मिलिमीटरची काळी नळी, म्हणजे लॅटरल, न भोकाची, शंभर मीटर, पत्र्यावर गुंडाळी करून टाकलेली. तिच्या पोटात पंधराएक लिटर पाणी मावतं. एका टोकाला टाकी, दुसऱ्या टोकाला नळ. विजेचा खांब तिथं अजून पोचायचाय. त्याच्या आईनं तर नळी किंवा काच यांवर काही खर्च न करता केम्पचा प्रश्न सोडवून टाकला आहे: त्या आंघोळ दुपारी चारला करतात. “पूजा सकाळी असते ना?” मी विचारलं. “देवाला गार पाणी चालतं, मला नाही,” त्या म्हणाल्या. “सकाळी हातपाय धुऊन पूजा करते. तुमची काही हरकत?”

माझी हरकत असण्याचं कारणच नव्हतं. अडचण फक्त नरकचतुर्दशीची. त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत न्हायचं, म्हणजे लॅटरलचा उपयोग शून्य. दसरा झाला की मित्र माळ्यावरचा बंब काढून चिंचेनं घासायला घेतो, आणि मला फोन येतो, “येताना पुण्यातून बंबफोड आण.” शेतावर राहणारा माणूस शहरातून लाकडं मागवतो! पण त्याचं म्हणणं असं, की ओली बाभूळ धुपते आणि वखारीतलं बारीक फोडलेलं लाकूड पहिल्या काडीला पेटतं. पेठांतल्या वखारी एकेक करून बंद होत गेल्यात, त्यामुळे यंदा मी आधीपासूनच पोत्यात करवंट्या साठवायला घेतल्या आहेत.